सासूबाईंच्या मापाची गादी

४ नोव्हेंबर २००६, शनिवार
मान पुन्हा धरली. डावीकडे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतंय. ऑफिसात शिंदे म्हणाला, "आज एकदम साहेबासारखा वळतोयस."
हॉलमधल्या दिवाणावरच्या गादीला मधोमध खड्डा आहे. महिनाभर मी त्यात. कारण सा.बा., म्हणजे वैशालीच्या आई, बेडरूममध्ये. त्यासुद्धा पलंगावर नाही, खाली चटईवर. लेकीच्या घरी पलंगावर झोपायचं त्यांच्या नियमात बसत नाही. थोडक्यात, पलंगावर वै. एकटी ऐसपैस, खाली सा.बा., बाहेर खड्ड्यात मी.
सासरे मार्चमध्ये गेले. चिपळूणजवळच्या घरात सा.बा. एकट्याच होत्या. दसऱ्याला अंगणात पाय घसरला, कंबर दुखावली. वै. जाऊन घेऊन आली. "पंधरा दिवसांसाठी येते हं," असं बजावून आल्या.

५ नोव्हें., रविवार
सा.बां.ना सकाळी चटईवरून उठता येईना. मी एका बाजूने, वै. दुसऱ्या बाजूने. तिघंही जवळजवळ खाली.
डॉक्टर म्हणाले, जमिनीवर झोपणं बंद. मऊ गादी नको, खड्ड्याची तर नकोच. (इथे वै.ने माझ्याकडे पाहिलं.) दिवाणावर चांगली घट्ट गादी घाला.
बजेट: बोनसमधले उरलेले पाच हजार. त्यात बसवायचं.
सा.बा.: "चार दिवसांच्या पाहुणीला गादी कशाला, जावईबापू? कार्तिक संपला की मी जाणार."
 वै.ला त्यांना पाठवायचंच नाहीये. त्यांना ते कळतंय. बोलत दोघीही नाहीत. बोलतो आम्ही गादीबद्दल.

७ नोव्हें., मंगळवार
स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानात गेलो, तिघंही. दिवाळीची सूट संपून दोन आठवडे झाले, हे दुकानदाराने दु:खी चेहऱ्याने सांगितलं.
"लेट के देखो माताजी."
माताजींनी पदर घट्ट केला. "परक्या पुरुषांसमोर आडवी होऊ? काय बाई तरी." मग मला म्हणाल्या, "तुम्ही झोपा. मी बघते."
मी झोपलो. त्यांनी गादी माझ्या चारी बाजूंनी फणस दाबावा तशी दाबली. स्प्रिंगची अकरा हजार. ती दुकानदाराने न विचारता दाखवली. मग काथ्याची, साडेचार. सा.बां.नी शिवण उसवलेल्या कोपऱ्यातून आत बोट घातलं.
"हे काय, सोडणं आहेत? नारळाची? जावईबापू, ही आम्ही बंबात घालतो हो!"
दुकानदार: "माताजी, कॉयर है, कॉयर. कमर के लिए बेस्ट."
"याला सांगा, माझ्या परसात पोतंभर पडलंय. घेऊन जा म्हणावं, साडेचार हजारांत."
तेवढ्यात लाइट गेली. पंखे बंद, अंधार, मी अजून स्प्रिंगवाल्या गादीवरच. खरं सांगायचं तर उठावंसं वाटत नव्हतं. वै.ने हाताला धरून उठवलं.

८ नोव्हें., बुधवार
समोरच्या हंसाबेनना सगळी हकीकत कळली. दुपारी सा.बां.ना हात धरून घरी घेऊन गेल्या. "दुकान में शरम आवे, तो मेरे यहाँ सो जाओ ने, माँजी. मेरा गद्दा भी काथी का है."
सा.बा. तिथे दोन तास झोपल्या. परत आल्या त्या ढोकळ्याचा डबा घेऊन. निर्णय: काथ्या वाईट नाही, पण वरून थोडं मऊ पाहिजे. ढोकळा गोड आहे.

१० नोव्हें., शुक्रवार
प्रकरण हाताबाहेर. हंसाबेननी तळमजल्यावरच्या थॉमसबाईंना सांगितलं, त्यांनी शेख वहिनींना. बुधवारपासून सा.बा. रोज दुपारी एक-दोन घरी जाऊन गादी बघून येतायत. बघून म्हणजे झोपून. हिंदी येत नाही, तरी सगळ्यांच्या सुना, गुडघे, गॅसचा त्रास, सगळं पाठ झालंय.
थॉमसबाई: नुसता फोम, "आत आत जातं, विहिरीसारखं."
शेख वहिनी: कापसाची, घरी भरलेली. झोप उत्तम, पण कोण उन्हात घालणार?
दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी: डाव्या बाजूला ढेकूण. (हे बाहेर बोलायचं नाही.)
संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरीने मला जिन्यात गाठलं. "आपकी सासूमाँ किस कंपनी का सर्वे करती हैं?" मी म्हटलं, प्रायव्हेट आहे.

१४ नोव्हें., मंगळवार
शिंदेने पत्ता दिला. घोडबंदर रोडला चेणे गावाच्या बाजूला एक गोदाम आहे, तिथे कारखान्यातला परत आलेला माल स्वस्तात मिळतो. खाली काथ्या, वर फोमचा थर. फोनवर विचारलं. आहे म्हणे.
मान आज उजवीकडेही धरली. आता निदान दोन्ही बाजू सारख्या.

१९ नोव्हें., रविवार
गोदामात गेलो, मी आणि सा.बा. वै.ला शाळेचे पेपर तपासायचे होते.
गादी एकदम मनासारखी. नवीकोरी, प्लास्टिकमध्ये. गोदामात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. मालकाला पाठ फिरवायला सांगून सा.बा. चक्क झोपल्या. पाच मिनिटं हलल्याच नाहीत. मला वाटलं, बरं वाटत नाही की काय. डोळे मिटलेलेच, म्हणाल्या, "ही."
एवढी चांगली आणि एवढी स्वस्त का? मी लांबी मोजली. पाच फूट! कोणा गेस्ट हाऊसवाल्याने माप चुकीचं दिलं होतं. मी झोपून पाहिलं. पाय पोटरीपासून बाहेर.
सा.बा. चार फूट दहा इंच.
त्या म्हणाल्या, "आखूड गादीला पुऱ्या गादीचा भाव?" मालकाला मराठी समजत होतं. वाईट झालं, त्याच्यासाठी. साडेतीन हजारांवरून सुरुवात होती, तेवीसशेला आला आणि वर उशी दिली.
टेम्पोत सा.बा. ड्रायव्हरशेजारी, मी मागे गादीवर. काशिमिऱ्याच्या सिग्नलला जाग आली तेव्हा शेजारच्या बसमधून माणसं माझ्याकडे बघत होती. महिन्यात पहिल्यांदा मान मोकळी.
येताना सा.बा. जिन्यातही काही बोलल्या नाहीत. कंबर असेल असं वाटलं.

२० नोव्हें., सोमवार
कंबर नव्हती.
सकाळी चहा घेताना: "जावईबापू, या गादीवर माझ्याशिवाय कोणी मावणार नाही."
"नाही."
"मग मी गेल्यावर?"
मी चहात बिस्कीट बुडवलं. तुटून पडलं.
"म्हणजे तुम्ही दोघांनी ठरवूनच घेतलीत."
"आई, भाव तुम्ही केलात."
आतून भांडं आपटल्याचा आवाज. मग वै. बाहेरच आली, हाताला कणीक. "आई, तुला गादी नकोय का मी नकोय, ते एकदाच सांगून टाक." आणि रडली. वडील गेले तेव्हा रडली होती, त्यानंतर आजच.
सा.बां.नी चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच: "तसं नाही गो. लेकीच्या घरात आईने आपली गादी टाकून बसायचं, लोक काय म्हणतील? आणि तिकडे ह्यांचं घर. दिवा कोण लावील?"
दिव्याचं मी बाजूला ठेवलं. लोकांचं धरलं. म्हटलं, "कुठले लोक, आई? बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या गाद्यांवर तुम्ही झोपून आलात."
पदर तोंडाला लावून हसल्या. वै. रडता रडता हसली. कणीक तिच्या नाकाला लागली.
पण अट घातली: प्लास्टिक काढायचं नाही. परत द्यायची वेळ आली तर.

२२ नोव्हें., बुधवार
जुनी खड्ड्याची गादी पिंजाऱ्याने नेली. मी पलंगावर. स्वर्ग.
फक्त हॉलमधून कुरकुर, कुरकुर. सा.बा. कूस बदलतात तेव्हा वेफरचं पाकीट फोडल्यासारखा आवाज येतो. वै. म्हणते, काढूया का? मी म्हटलं, आपण हात लावायचा नाही.
दिवाणावर पायाकडे एक फूट जागा उरते. तिथे त्यांनी औषधं, चष्मा, सासऱ्यांचा फोटो मांडलाय.

२३ नोव्हें., गुरुवार
कार्तिक संपला. कोणी विषय काढला नाही. आज घरी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार मांडला. हंसाबेन, थॉमसबाई, शेख वहिनी, सगळ्या प्रसादाला. सा.बा. म्हणाल्या, चारही गुरुवार होऊ देत, मग बघू. चिपळूणच्या शेजाऱ्यांना फोन करून दिव्याचं सांगितलं. तेल कोणतं घालायचं, वात केवढी, दहा मिनिटं.

२६ नोव्हें., रविवार
सकाळी दूध आणायला उठलो. सा.बा. शांत झोपलेल्या. आवाज नाही. जवळ जाऊन पाहिलं.
प्लास्टिक कापलंय. कात्रीने, अगदी सरळ, अर्ध्यापर्यंत. डोक्याकडचं काढून घडी करून उशीखाली ठेवलंय. पायाकडचं तसंच आहे.
वै.ला उठवून दाखवलं. दोघं उभं राहून बघत राहिलो. ती म्हणाली, "याचा अर्थ काय?"
मी म्हटलं, हळू बोल.