नातीच्या बायोडेटातल्या दोन ओळी

मिस्त्री, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मी आज लिहायला बसलोय. उशिराबद्दल माफ करा. तुम्ही होता तेव्हा असेल ते तोंडावर बोलता यायचं, आणि सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला पत्राची सवय कुठली. पण आज घरात कुणापाशी बोलता येत नाही. चूक माझी आहे आणि ती फक्त मला आणि नातीला माहीत आहे.

नात म्हणजे थोरल्याची मुलगी. इंजिनिअर झाली. वर्ष झालं, दिघीच्या घरात खिडकीपाशी बसून नोकरीचे अर्ज करते. उरलेल्या वेळात एक सॉफ्टवेअर दुरुस्त करते. मशीनच्या पार्टचं ड्रॉइंग काढायचं ते सॉफ्टवेअर कुणा एका मालकाचं नाही, आतली सगळी लिखापढी जगाला उघडी. ज्याला चूक दिसेल त्यानं दुरुस्ती करून पाठवायची, जाणकार तपासतात, पटली तर घेतात. दुरुस्तीपुढे करणाऱ्याचं नाव कायम राहतं. पगार नाही. ड्रॉइंगमधल्या भोकाचं माप छापताना बदलत होतं, ते तिनं तीन आठवडे खपून नीट केलं. मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं?" म्हणाली, "कुणी नाही, आबा. खटकत होतं."

सोसायटीच्या बाकावर आपल्या कारखान्यातला, वेल्डिंगचा जुना गडी बसतो. त्याला सांगितलं तर हसला. "राव, फुकट राबणाऱ्याला पगार कोण देतंय? तिला म्हणावं सप्त्यात वाढायला जा, पुण्य तरी लागंल." त्याचा पुतण्या चाकणला कंपनीच्या ऑफिसात आहे. तो म्हणतो, डिग्री आणि परीक्षेचे मार्क बघतात, बाकी कुणी उघडूनही पाहत नाही. नातीला विचारलं तर तिनंही लपवलं नाही. वर्गातल्या एकीला अशाच कामावरून बोलावणं आलं, दोघांचं मात्र कुणी बघितलंसुद्धा नाही. "खात्री कसलीच नाही, आबा. पण माझ्याकडं दाखवायला दुसरं आहे काय?"

इतकं ऐकूनही मी गप्प बसलो नाही. चिंचवडहून मुलाखतीचं बोलावणं आलं तसा मागंच लागलो. बायोडेटातून ते फुकटचं काढ, रिकामटेकडी समजतील. चौथ्या दिवशी तिनं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला आणि माझ्यादेखत मुलाखतीला न्यायच्या बायोडेटातल्या त्या कामाच्या दोन ओळी पुसल्या. "झालं समाधान? आता जेवा."

मंगळवारी ती मुलाखतीहून आली. आईला म्हणाली, बरी झाली. मला गॅलरीत नेऊन खरं सांगितलं. तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न केला, दुसऱ्या लोकांच्या वापरात आहे असं काही केलंयस का? हिनं सगळं तोंडी सांगितलं. बाईंनी कागद उलटून पाहिला. "मग इथं का नाही लिहिलं?" नात म्हणाली, "राहून गेलं." माझं नाव घेतलं नाही. बाईंनी ते काम कुठं बघायला मिळेल ते लिहून घेतलं, शुक्रवारपर्यंत कळवतो म्हणाल्या. आज शुक्रवार. दुपारचे तीन वाजून गेले. तिचा फोन टेबलावर पालथा आहे, आणि तो नुसता थरथरला तरी मी खुर्चीतून उठतो.

मिस्त्री, मंगळवारपासून मला आपल्या भोसरीच्या शेडचं ते गेट दिसतंय. मी तेव्हाचा पोरगा, कामासाठी रोज येऊन बाहेर बसतोय. आयटीआयचा कागद नाही म्हणून वॉचमन आत सोडत नाही. गेटची बिजागरी उघडताना कर्रकर्र वाजते. तिसऱ्या दिवशी मी वॉचमनकडून पाना मागून घेतो, बिजागरी काढतो, घासून परत बसवतो. तुम्ही सायकलवरून येता, गेट गुमान उघडतं, तुम्ही खाली उतरता. "कुणी सांगितलं व्हतं रं?" "कुणी न्हाई." "मंग कशापायी केलंस?" "वाजत व्हतं." तुम्ही हसला नाहीत. मला सायबापुढं उभं केलंत. "ह्याच्यापाशी कागद न्हाई. पर गेट उघडून बघा."

पुढं तुम्ही मला नंबराचा पंच दिलात. आपल्या हातचं काम झालं की त्यावर आपला नंबर ठोकायचा, ही तुमची रीत. एकदा माझं काम केसभर चुकलं आणि मी नंबर न ठोकताच ते तयार मालाच्या पेटीत सरकवलं. तुम्ही सगळ्यांदेखत ते माझ्या पायाशी टाकलंत. "चुकलं त्याचं काय न्हाई. बेवारशी का टाकलंस?" त्या दिवशी डबा तसाच घरी आला. आणि आता नातीचं काम चुकलेलंही नव्हतं, ते मी बेवारशी करायला लावलं.

मी अजून तिला चुकलो म्हणालो नाही. सकाळपासून दोनदा खिडकीपर्यंत गेलो आणि चहा घेतेस का, एवढंच विचारून परतलो. गेटची गोष्ट सांगितली तरी पुरे होतं. पण घरात मी आयुष्यभर सांगत आलो की मला परीक्षा घेऊन निवडलं.

हे कुठं टाकणार, तुमचा पत्ता काय. गोळ्यांच्या डब्यात घडी घालून ठेवतो. खाली माझा नंबर घालतोय, सतरा. फोन अजून वाजलेला नाही. तिकडं तुमचं काही चालत असेल तर त्या बाईंना म्हणावं, एकदा उघडून बघा. आणि लवकर कळवा.