आतड्याच्या तारा

मास्तर, तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, त्याच्या पुढे मी कधीच निघून गेलोय. गुडघे गेले, डाव्या हाताची करंगळी वाकडीच राहते, आणि व्हियोला कपाटावर पडून आहे. गेल्या आठवड्यात खर्ज आला होता. तुम्ही आम्हाला नावानं कधी हाक मारलीच नाहीत. पैला, दुसरी, मधला आणि खर्ज, एवढीच आमची नावं. पैला आणि दुसरी व्हायोलिनवर, खर्ज चेलोवर, आणि मधला म्हणजे मी, व्हियोलावर. खर्ज आता सिडकोत राहतो. नातीला घेऊन आला होता, तिला व्हायोलिन शिकायचंय. बोलता बोलता तो तिला म्हणाला, "आमचं लई मोठं नाव झालं असतं बघ. पण आमच्या मास्तरच्या तारा कच्च्या निघाल्या." आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. चहा पिऊन ते गेले, आणि मी हे लिहायला बसलोय.

छावणीतल्या तुमच्या दोन खोल्यांत स्वयंपाकघरच काय ते मोठं, म्हणून तालीम तिथेच व्हायची. तुमची बायको, आम्हा सगळ्यांच्या मामी, चुलीपाशी भाकरी थापतायत. आम्ही चौघं शाळेतून उचलून आणलेल्या बाकांवर एकमेकांकडे तोंड करून बसलोय. भाकरीचा ताल आमच्या तालात घुसतो म्हणून तुम्ही त्यांना जरा दमानं घ्यायला सांगता, आणि त्या वळूनही न बघता म्हणतात की पोरं तुमची चुकत्यात, माझ्या भाकरीला कशाला बोलता. आमच्या डोक्यावर, या भिंतीच्या खिळ्यापासून त्या भिंतीच्या खिळ्यापर्यंत, तारा वाळत असायच्या. मेंढीचं आतडं. राखेच्या पाण्यात भिजवायचं, खरवडायचं, पिळायचं आणि ताणून ठेवायचं. पहिल्या दिवशी त्या वासानं दुसरी अंगणात जाऊन ओकली होती. चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्याची ती मुलगी, तिनं असलं काही कधी बघितलं नव्हतं. महिन्याभरात तीच आतडं पिळायला बसायला लागली. गल्ली आम्हाला चांडाळचौकडी म्हणायची, आणि आम्हाला ते आवडायचं.

तुमचं घर मेंढरं राखणारं, दौलताबादच्या खालच्या अंगाला. निजामाच्या काळात पलटणीच्या बँडमध्ये लागलात, तिथे कुणा गोऱ्या बँडमास्तरनं तुमच्या हातात व्हायोलिन दिलं. पोलीस ॲक्शननंतर तो बँड मोडला. कुणी कुठे गेलं, कुणी कुठे. तुम्ही एक व्हायोलिन आणि नोटेशनच्या चार वह्या घेऊन परत आलात आणि शाळेत प्रार्थना वाजवायची नोकरी धरलीत. पुढे बाहेरच्या तारा मिळेनाशा झाल्या तेव्हा तुम्हाला बापाचा कळप आठवला. आमच्या कोरड्या हवेत त्या तारा असा गोड आवाज द्यायच्या की नंतर आयुष्यात मी कुठल्याही तारेतून तसा आवाज ऐकला नाही.

एक दिवस मी मुद्दाम जोरात वाजवलं. शिकायला लागून दोन वर्षं झाली होती, आणि ऐकणारा प्रत्येक जण पैल्याचं कौतुक करायचा, दुसरीचं करायचा, खर्जचा एवढा मोठा चेलो बघून तर लोक आधीच खूश व्हायचे. व्हियोला म्हणजे जरा थोराड व्हायोलिन, आवाज जाडसर, ना वरचा ना खालचा. मी वाजवतोय हे आमच्या घरच्यांनाही कळायचं नाही. तर त्या दिवशी मी गज दाबून ओढला. तुम्ही उठलात आणि माझ्या तारांवर तळहात ठेवलात. "मधल्या, भाजीत मीठ दिसतं का? दिसलं तर खाईल का कोनी?" बाकीचे हसले. तुम्ही शिकवत होता, हे मला आज कळतं. त्या दिवशी मात्र माझ्या मनात एवढंच आलं की मीठ तर कुठल्याही वाण्याकडे मिळतं.

अजिंठा बघायला येणारे पाहुणे ज्या हॉटेलात उतरायचे, तिथे आम्ही रविवारी वाजवायचो. ते जेवायचे, आम्ही वाजवायचो, आणि सुरीकाट्यांचा आवाज आमच्यापेक्षा जास्त असायचा. त्यातल्याच एका पाहुण्यानं मुंबईच्या एका संगीत मंडळाला आमच्याबद्दल लिहिलं. मंडळाचं पत्र आलं. ते नव्या चौघांच्या एका संचाला निवडून वर्षभर गावोगाव कार्यक्रम देणार होतं आणि परदेशी शिक्षक नेमून देणार होतं. आम्ही ऐकवायला यावं. पैला औरंगपुऱ्यातल्या बापाच्या दुकानात कापड फाडत होता, खर्जचे वडील त्याला शेतावर बोलवत होते, दुसरीला स्थळं येत होती. चौघांनाही त्यातून बाहेर काढील असं हे एकच पत्र होतं. तुम्ही ते पत्र दोनदा मामींच्या हातात दिलंत, वाच म्हणालात, आणि मामींना वाचता येत नव्हतं.

निघायच्या आठदहा दिवस आधी मी नव्या तारा न्यायला एकटाच आलो. तुमचा भाऊ आजारी, तुम्ही त्याच दिवशी गावी निघाला होतात. मामी तुमची शिदोरी बांधत होत्या. तुम्ही तारा रद्दीच्या कागदात गुंडाळल्यात आणि माझं मनगट धरलंत. "नीट ऐक. या तारा हितल्या वाळल्या हवेत वळल्यात. मुंबईची हवा वली. चार दिस आधी जा, चढवून ठिवा, त्यांला तिथली हवा पिऊ द्या. न्हाय तर सूर धरायच्या न्हाईत. समद्यांला सांग, व्हय?" मी व्हय म्हणालो.

सांगितलं नाही. पत्रव्यवहार आणि तिकिटं माझ्याकडे, कारण चौघांत सरकारी कारकून मीच. मी आदल्या संध्याकाळी पोचू अशी तिकिटं काढली. कुणी विचारलं नाही, सगळ्यांचा माझ्यावर भरवसा होता.

मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मंडळानं आम्हाला आत बोलावलं. पावसाळ्याचे दिवस, भिंतींनासुद्धा घाम. समोर तीन माणसं. सुरुवात आपल्या स्वयंपाकघरात व्हायची तशीच झाली, पैल्यानं श्वास घेतला आणि चौघं एकदम सुटलो. पहिलं पान पार पडलं. मग माझी जाडी तार सुरातून घसरली, पाठोपाठ दुसरीची. पैला थांबला, खुंट्या पिळल्या, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा घसरली. तिसऱ्या वेळी समोरच्या तिघांत मध्ये बसलेल्या गृहस्थांनी हात वर केला. फार सभ्यपणे ते म्हणाले की तयारी चांगली आहे, तारा मात्र धड घ्या. पुन्हा त्यांनी बोलावलं नाही. मनमाडला गाडी बदलून आम्ही छोट्या डब्यात शिरलो. चेलो आत मावेना म्हणून खर्ज घर येईपर्यंत त्याला कवटाळून दारापाशी उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी, तुम्ही गावाहून परतल्यावर, आम्ही चौघं तुमच्याकडे आलो. मला अजून दिसतं ते. मामी चुलीपाशी आहेत. पैला बसतसुद्धा नाही. तो म्हणतो, "मास्तर, तुमच्या तारांनी आमचं वाटोळं केलं." तुम्ही माझ्याकडे बघता. रागानं नाही, नुसतं बघता, मी आता बोलेन म्हणून. मी फरशीकडे बघतो. एका फरशीचा कोपरा उडालेला आहे. मामींचा हात थांबतो, त्या "आवं पण" एवढंच म्हणतात आणि तुम्ही त्यांना हातानंच गप्प करता. मग तुम्ही म्हणालात, "व्हय, तारा कच्च्या व्हत्या. चुकलं माझं."

त्याच आठवड्यात तुम्ही वाळत घातलेल्या तारा उतरवल्या. पुन्हा कधी आतडं आणलं नाहीत. चौकडी तिथेच संपली. पैला दुकानात बसला, दुसरी लग्न करून नाशिकला गेली, खर्ज शेतावर गेला आणि चेलो माळ्यावर. मी कचेरीत चढत गेलो. शाळेतली तुमची मुलं म्हणायची की मास्तर आता नुसती पेटी वाजवतात, व्हायोलिनला हात लावत नाहीत. मी त्या रस्त्यानं जायचंच सोडलं.

शेवटी सरकारी दवाखान्यात भेटलो. तुमच्या छातीत पाणी झालेलं, बोलताना धाप लागत होती. मामी उठून बाहेर गेल्या. तुम्ही विचारलंत, "तवा मुंबईला जायला रजा भेटली नसंल तुला. व्हय ना?" इतकी वर्षं तुम्ही माझ्यासाठी सबब शोधत होतात, आणि ती तुम्हाला सापडली होती. मी म्हणालो, व्हय मास्तर, दोनच दिवसांची भेटली. "मग बराबर," तुम्ही म्हणालात. "नोकरी म्हंजी नोकरी." आणि माझ्या हातावर थोपटलंत. आठवड्यात तुम्ही गेलात. तेराव्याला मामींनी सगळ्यांना स्वतः वाढलं, माझ्या पानाशी मात्र शेजारणीला पाठवलं.

मास्तर, रजा होती. सहा दिवसांची, साहेबांची सही झालेली, माझ्याच टेबलाच्या खणात. तारीख कळवणारं मंडळाचं दुसरं पत्र माझ्याकडेच आलं होतं, त्याच्या शेवटी दोन ओळी होत्या, त्या मी कुणाला वाचून दाखवल्या नव्हत्या. वाजवणाऱ्यांपैकी कुणाला अडचण असेल तर मुंबईत एक उत्तम व्हियोला वाजवणारा आहे, तो बसू शकेल, असं लिहिलं होतं. मी विचार केला, चार दिवस तिथे राहिलो तर मंडळवाले त्याला तालमीला घेऊन येणार, तो एकदा तरी यांच्यात बसून बघणार, आणि मग या तिघांना कळणार की माझ्यावाचून अडत नाही. एका संध्याकाळीत ते कळायला वेळ मिळणार नाही. तारांचं म्हणाल तर तुमचं बोलणं मी म्हाताऱ्या माणसाची काळजी समजलो. आपण हरू असं मला वाटलंच नव्हतं. चौघांचं आयुष्य आणि तुमचे हात, एवढं सगळं मी एका जागेसाठी घालवलं, आणि ती जागाही राहिली नाही.

पैला दोन वर्षांपूर्वी गेला. शेवटपर्यंत तो तुमच्या तारांना नावं ठेवत होता. दुसरी आहे, खर्ज आहे. हे पत्र टाकायचं तर त्यांना टाकायला हवं, दोघांचे पत्ते माझ्या डायरीत आहेत. तुम्हाला रजेचं आणि त्या दोन ओळींचं सोडून सगळं माहीतच होतं, तुम्हाला लिहायला मला काही धाडस लागलं नाही. खर्ज रविवारी पुन्हा येतो म्हणालाय, नातीला मुंबईची ती गोष्ट माझ्या तोंडून ऐकायची आहे. मी बहुतेक तीच, कच्च्या तारांची, सांगेन.