दोन हजार फॉन्ट आणि एक खुर्ची

मंगळवार, ४ मार्च. दुपारी २.१०
फॉन्ट मोजत होतो. दोन हजार एकशे सहा भरले. पावणेदोन तास लागले, कारण वहिनी मधे दोनदा खोलीत आली आणि दोन्ही वेळा पहिल्यापासून मोजावं लागलं. स्क्रीनवरच्या खिडकीच्या तळाशी कॉम्प्युटर स्वतःच आकडा दाखवतो हे नंतर दिसलं. त्याचा आकडा दोन हजार एकशे चार. माझा बरोबर असावा.

मोजायचं कारण असं. कंपाउंडरकाकांचं आठवणींचं पुस्तक मी टाइप केलंय, शहाण्णव पानं. शुद्धलेखन तपासणं आणि पानं लावणं एवढंच उरलंय. वीस तारखेला फाइल प्रेसवर द्यायची. प्रेसमालक म्हणालेत, वेळेवर आणि स्वच्छ दिलीस तर एक तारखेपासून ऑपरेटरबाईंच्या शेजारची खुर्ची तुझी, पगारी. नाही जमलं तर दादा मला त्याच्या गोदामात खोकी मोजायला नेणार. हे तो दोन वर्षं म्हणतोय, पण या वेळी तिथल्या साहेबांशी बोलून बसलाय.

कॉम्प्युटर मात्र फार मंद. एवढ्या फॉन्टांच्या ओझ्याने वाकलाय बिचारा. उद्या फॉन्ट साफ. परवापासून पुस्तक.

बुधवार, ५ मार्च
नियम ठरवले. सारखे दिसणारे दोन असतील तर एक जाणार. वेलबुट्टीवाले जाणार. वाचताना डोळे बारीक करावे लागले तर जाणार. नियम सुंदर टाइप करून भिंतीला लावले. कोणत्या फॉन्टमध्ये टाइप करावेत यात दुपार गेली.

वहिनीने विचारलं, हे एवढे आले कुठून. म्हटलं, जमवले. ती म्हणाली, तुझे दादा लहानपणी बाटल्यांची बुचं जमवायचे, ती निदान खुळखुळायची तरी.

शनिवार, ८ मार्च
चार दिवसांत साठ काढले. वेग कमी वाटेल, पण पारख करावी लागते. मी आधी 'ळ' बघतो, मग 'क्ष'. एकाचा 'ळ' इतका देखणा की बघत बसावं, पण त्याच्यात 'ठ' नाहीच. अशाला काढायला हात धजावत नाही. 'लागेल कधीतरी' नावाचा फोल्डर केला. त्यात आजपर्यंत तीनशे बारा.

प्रेसमालकांचा फोन. कुठवर आलं? नव्वद टक्के, म्हटलं. टायपिंग झालेलं आहे, तेव्हा हे खोटं नाही.

सोमवार, १० मार्च
कंपाउंडरकाका येऊन गेले. चाळीस वर्षं एकाच डॉक्टरांच्या हाताखाली औषधाच्या बाटल्या भरल्या, त्याचंच पुस्तक. डॉक्टर आता अंथरुणाला खिळलेत, नजर गेलीय. काका म्हणाले, छापून आलं की उशाशी बसून सगळं वाचून दाखवणार आहे, माझ्याबद्दल काय काय लिहिलंस म्हणून ते रोज विचारतात. पहिल्या पानासाठी डॉक्टरांचा फोटो दाखवला आणि परत पिशवीत ठेवला, फाइल झाल्यावर देतो म्हणाले. हाताने लिहिलेल्या मूळ वह्याही त्यांनी नेल्या. टायपिंग झाल्यावर माझ्याकडे ठेवून काय करायच्या.

जाताना स्क्रीनवरची यादी बघून म्हणाले, एवढी औषधं? आमच्याकडे तीनच रंगांच्या बाटल्या होत्या रे, माणसं त्यावरच उठून घरी जायची. मी हसलो. त्यांना या विषयाची खोली माहीत नाही.

मंगळवार, ११ मार्च. सायंकाळ
आज निर्दय झालो. धड नावही नाही, नुसते आकडे, असे जितके होते तितके एका झटक्यात काढले. तेराशेच्या वर. कचरापेटीही रिकामी केली, नाहीतर माझं मन फिरतं. हात चालतच होता म्हणून पुस्तकाच्या फाइलच्या तीन प्रतींपैकी दोन उडवल्या. एक वस्तू तीन जागी कशाला.

पूर्वी कॉम्प्युटर सुरू व्हायला दोन मिनिटं दहा सेकंद लागायची. आता दोन मिनिटं सहा. फरक जाणवतो.

बुधवार, १२ मार्च. सकाळी ९
पुस्तक उघडलं. शहाण्णवच्या शहाण्णव पानांवर इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के आणि कंस. पुस्तकाच्या नावाच्या जागी दोन डॉलर, एक उलटं प्रश्नचिन्ह आणि एक एम. डॉक्टरांना अर्पण केलंय त्या पानावर नुसतेच टक्के.

व्हायरस. दुसरं काही असू शकत नाही. वहिनी म्हणाली, काल तू काहीतरी काढलंस ना? म्हटलं, कचरा काढला. शिवाय ज्या फॉन्टमध्ये टाइप केलं त्याचं नाव वरच्या चौकटीत दिसतंय, एक आकडाच आहे, म्हणजे तो आहेच. ती म्हणाली, मग प्रेसमधल्या बाईंना एक फोन कर की. कसा करणार? उद्या त्यांच्याच शेजारी बसायचंय. पहिल्या दिवसापासून कमीपणा नको.

वहिनीकडून साडेसातशे घेऊन अँटिव्हायरस आणला. त्याला एकही व्हायरस सापडला नाही. निकृष्ट निघाला.

शुक्रवार, १४ मार्च
उपाय सापडला. माझा मलाच. काकांचं पहिलं वाक्य मला पाठ आहे. चिन्हांशी ताडून पाहिलं तर डॉलर म्हणजे 'ड'. फाइंड अँड रिप्लेस केलं, एका दमात तीनशे अठरा डॉलरांचे 'ड' झाले. अशी चव्वेचाळीस चिन्हं आहेत. रोज पंधरा धरली तर तीन दिवसांचं काम. शिकलेले लोक याला संशोधन म्हणतात.

प्रेसमालकांचा पुन्हा फोन. नव्वद टक्के.

सोमवार, १७ मार्च
किरकोळ अडचण. एका कंसाचा 'र' केला, तर काकांनी घातलेले खरे कंसही 'र' झाले. ते परत फिरवायला गेलो तर होते नव्हते तेवढे 'र' कंस झाले. स्वल्पविराम सगळे 'ण' आहेत. तासातासाला सेव्ह करतो, म्हणून केलेलं काही वाया जात नाही. पान एकेचाळीसवर 'बाटली' हा शब्द स्वच्छ वाचता येतो. त्याने धीर आला.

दादाने विचारलं, कुठवर. नव्वद, म्हटलं. दादा म्हणाला, गेल्या आठवड्यातही नव्वदच होतं, ताप असता तर म्हटलं असतं, उतरत नाहीये, दाखवून ये कुणाला तरी.

गुरुवार, २० मार्च
प्रेसवर गेलो. व्हायरसबद्दल थोडक्यात समजावून सांगितलं. ऑपरेटरबाई फाइल खालीवर करत राहिल्या. मग म्हणाल्या, फॉन्ट काढून टाकलास का रे? म्हणाल्या, फाइलमध्ये नुसत्या खुणा असतात. फॉन्ट नसला की खुणाच दिसतात, परत टाकला की अक्षरं जागच्या जागी. हाच फॉन्ट आमच्या मशीनवर आहे. बिघडली त्या दिवशी होती तशी आणली असतीस तर उघडताक्षणी नीट दिसली असती.

मी म्हटलं, पण मी आठवडाभर बसून दुरुस्त केलीय. त्या म्हणाल्या, तेच तर झालं ना.

मालक रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, फॉन्ट कुणाच्याही हातून जातो. मी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा तू खरं बोलला असतास तर बाईंना त्याच दिवशी तुझ्या घरी पाठवलं असतं. खुर्चीचं आता राहू दे.

मालकांनी काकांनाही बोलावून घेतलं होतं. त्यांनी पिशवीतून वह्या काढून बाईंच्या टेबलावर ठेवल्या आणि किती दिवस लागतील विचारलं. टायपिंगलाच आठ, बाई म्हणाल्या, छपाई त्यानंतर. काका म्हणाले, मी कालच डॉक्टरांना सांगून आलो की पुढच्या शुक्रवारी वाचायला बसू. मग माझ्याकडे बघून म्हणाले, असू दे, सांगतो त्यांना काहीतरी. काय सांगणार ते मी विचारलं नाही.

मंगळवार, १ एप्रिल. रात्र
गोदामाचा पहिला दिवस. पाय दुखतात. तिथे बसायला काही नाही. साहेब चांगले आहेत, दादाला ओळखतात म्हणून मला ओळखतात.

घरी आलो तर काकांचा निरोप होता, वहिनीजवळ ठेवलेला. बाईंनी टाइप केलेली कच्ची पानं घेऊन ते डॉक्टरांकडे गेले, छापायची वाट न बघता. डॉक्टर बाराव्या पानापर्यंत जागे होते. दोनदा हसले. एकदा म्हणाले, हे असं झालंच नव्हतं.

वहिनीने विचारलं, जेवतोस ना. म्हटलं, हिशेब लिहून येतो.

खर्च: अँटिव्हायरस ७५०. पेन ड्राइव्ह ३५०. प्रेसवर जाणं-येणं ६०.
देणं: वहिनीचे ७५०. टायपिंगसाठी घेतलेला काकांचा अ‍ॅडव्हान्स १५००, तो दादाने मला न विचारता परस्पर फेडला, म्हणून दादाच्या नावावर लिहिला.
एकूण देणं २२५०, सगळं घरातल्या घरात. येणं काही नाही.