एल्झाचा ढोल देवव्रतला

मी, इरावती मकरंद टिपणीस, वय शेहेचाळीस, राहणार अप्पर हट, न्यूझीलंड, व्यवसाय पाण्याच्या पाइपलाइनी आखणं, पूर्ण शुद्धीत आणि आपखुशीने हे मृत्युपत्र लिहिते आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. घरात दोनच माणसं आहेत. माझा धाकटा भाऊ देवव्रत फ्रीज उघडून विचारात उभा आहे आणि मुलगी सिद्धी हेडफोन लावून बसली आहे. दबाव टाकण्याइतकी फुरसत दोघांनाही दिसत नाही.

पुढच्या गुरुवारी वेलिंग्टनला माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. जुना पाइप उकरण्याआधी मीही लोकांना हेच सांगते, म्हणून हा कागद.

माझं आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं माझ्या नवऱ्याच्या, मकरंदच्या, नावे होतं, आणि कुठेही आधी पोहोचायची त्याची सवय त्याने शेवटपर्यंत सोडली नाही.

कलम १. राहतं घर आणि बँकेतलं जे काही असेल ते माझी मुलगी सिद्धी हिला. ती आत्ता तेरा वर्षांची आहे. वीस वर्षांची होईपर्यंत माझ्या वकील बाई ते सांभाळतील. मृत्युपत्र मराठीत लिहिलं तर चालेल का, असं मी त्यांना विचारलं होतं. ‘स्वीट अ‍ॅझ,’ म्हणजे इथल्या बोलीत ‘मस्त, चालेल,’ त्या म्हणाल्या, ‘भाषांतर जोडू.’ या कागदाचं भाषांतर करणाऱ्याची मी आगाऊ क्षमा मागते.

कलम २. मकरंदची हत्यारंही सिद्धीलाच. ड्रिलला तिच्या मामाने हात लावू नये. मागच्या वेळी त्याने आरसा टांगण्यासाठी भिंतीतल्या पाइपलाच भोक पाडलं. पाइपवाल्या बाईच्या घरात! गल्लीत ही गोष्ट अजून सांगितली जाते.

कलम ३. लिंबाचं झाड घराबरोबर सिद्धीचं, पण लिंबं तोडायचा हक्क उजवीकडच्या रणजितचा. खरं तर त्यालाच साक्षीदार करायचा माझा विचार होता. परंतु ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदाराची सही करू नये, असं वकील बाईंनी बजावलं आहे. मी कुंपणावरून रणजितला विचारलं, ‘सही की लिंबं?’ त्याने क्षणभरही न दवडता सांगितलं, ‘वहिनी, सही काय, कोणीही करेल.’

कलम ४. माझ्या डायऱ्या सिद्धीला. वाचायची सक्ती नाही. त्यांत गुपितं काही नाहीत. तीच ती शंका तीन-तीन पानं उलटसुलट केलेली सापडेल. कंटाळा आला की पुढची पानं सोडावीत. मला लिहितानाही तसं करता आलं असतं तर बरं झालं असतं.

कलम ५. सिद्धीचा पालक. हा सगळा कागद खरं तर या एका ओळीसाठी आहे, आणि ती लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. घर कोणालाही सांभाळता येतं. मी नसले तर तिला कोण वाढवणार?

‘ते रापा’ नावाच्या उपनगरात माझी मैत्रीण निवेदिता राहते. तिच्या घरी भांडण नाही, आवाज नाही, हसणंही नाही. सिद्धी तिथे आठवड्याभरात लोणच्यासारखी मुरेल. दुसरं नाव देवव्रतचं. तो समुद्रापलीकडे, दक्षिण बेटावर हॉर्नबीला राहतो. सिद्धीचा तो जीव की प्राण आहे, आणि तिच्यासाठी तो रात्रभर गाडी चालवत आणि फेरीबोट पकडत येईल हे मला ठाऊक आहे. तरीही मी त्याचं नाव लिहून दोनदा खोडलं. कारण त्याचं शिबिर.

इथल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे जानेवारीत, देवव्रत आणि त्याचे मित्र मराठी मुलांचं शिबिर घेतात. लेझीम, ताशा, तळ्यात पोहणं, शेकोटीवर भाजलेली कणसं. यंदा सिद्धी तिथून उन्हाने काळवंडून आणि घसा बसवून आली आणि स्वयंपाकघरात ताठ उभी राहून तिने एक शपथ घडाघडा म्हणून दाखवली. उच्चार असे स्वच्छ की मला भरून आलं. मग शब्द कानात शिरले. ‘आपल्यांवर प्रेम करीन, शत्रूला ओळखीन, त्याला जवळ करणार नाही.’

‘याचा अर्थ काय गं?’ मी विचारलं.

‘डन्नो, आई. पण हीप्स ऑफ फन होतं!’ मग थोडं थांबून, ‘शत्रू म्हणजे एनिमी ना? एका मुलाने सांगितलं ते कोण ते. पण मग इम्तियाज अंकल? ही फिक्स्ड मामाज कार.’

इम्तियाजभाई म्हणजे देवव्रतचे शेजारी. दर हिवाळ्यात त्याची गाडी बंद पडते आणि दर हिवाळ्यात ते चहा निवेपर्यंत ती चालू करून देतात.

मी देवव्रतला फोन केला.

‘ताई, तुला प्रत्येक लेझीममध्ये हिटलर दिसतो.’

‘लेझीममध्ये नाही रे. शपथेत.’

‘अगं, जोशात म्हणायच्या ओळी त्या. मुलांना कुठे कळतात?’

‘म्हणूनच तर.’

त्यानंतर आम्ही आठ महिने बोललो नाही. राखी कुरिअरने गेली आणि ओवाळणी बँकेतून आली.

त्याने हिटलरचं नाव उगाच घेतलं नव्हतं. मला एल्झाची गोष्ट माहीत आहे, हे त्याला ठाऊक होतं. एल्झा आमची डावीकडची शेजारीण, चार वर्षांपूर्वी वारली. आम्ही या घरात आलो तेव्हा उंबऱ्यापाशी मी रांगोळीचं स्वस्तिक काढलं होतं. ती केक घेऊन आली आणि पायरीवरच थबकली. मी घाईघाईने आमचं स्वस्तिक कसं प्राचीन, कसं मंगल, हे सांगायला लागले. बराच वेळ ऐकून ती म्हणाली, ‘मला फरक कळतो गं. हे ओलांडायचं कसं, एवढंच बघतेय. माझे गुडघे तुझ्या इतिहासापेक्षा जुने आहेत.’

एल्झा न्यूयॉर्कमध्ये वाढली. वडील जर्मनीहून आलेले, पाव भाजणारे, मायाळू. युद्धाच्या आधी तिथल्या काही जर्मन लोकांनी संघटना काढली होती. गणवेश, संचलन, आणि मुलांसाठी लाँग आयलंडवर उन्हाळी शिबिर. तिथे एका रस्त्याला चक्क हिटलरचं नाव होतं. एल्झा नऊ वर्षांची असताना तिथे ढोल वाजवायची. जर्मन गाणी म्हणायची, वडिलांना उत्तरं मात्र इंग्रजीत द्यायची. पुढे न्यूयॉर्कच्या मोठ्या सभागृहात वीस हजारांची सभा भरली. मधोमध वॉशिंग्टनचं भलंमोठं चित्र आणि आजूबाजूला त्यांची स्वस्तिकं. तिचे वडील परत आले ते खुशीत. आपण चांगले अमेरिकन आहोत, असंच त्यांना वाटत होतं.

‘तिथे भयंकर वाटायचं का?’ मी एकदा विचारलं.

‘छे! आयुष्यातला सगळ्यांत मजेचा उन्हाळा. तीच तर अडचण आहे.’

मग अमेरिका युद्धात उतरली. त्या संध्याकाळी वडिलांनी पाव कापायची सुरी घेतली आणि एल्झाच्या ढोलावरचं स्वस्तिकाचं चिन्ह खरवडून काढलं. एल्झा शेजारी उभी होती. ते एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढे मरेपर्यंतही नाही. ‘खरवडलं ते बरंच केलं,’ ती म्हणायची, ‘पण का, ते त्यांनी मला सांगायला हवं होतं. ते मला दुसऱ्यांकडून कळलं, शाळेत, मारामारीत.’

देवव्रतच्या शिबिराला त्या शिबिराशेजारी बसवणं अन्याय आहे का? आहे. तिथे एका खुनी राजवटीची आरती चालायची. इथे कणसं भाजतात आणि रात्री दोन बापे डासांना शिव्या देतात. मी हे डायरीत कितीदा लिहिलं आणि खोडलं. शेवटी एवढंच उरलं: मुलं तीच, मजा तीच, आणि पाठ केलेल्या ओळी मुलांना न कळणाऱ्या भाषेत.

ऑपरेशनचं कळल्यावर देवव्रत बॅग घेऊन दारात उभा राहिला. माझ्या आधी रडला आणि माझ्या आधी जेवलाही. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, ‘देवा, ती शपथ एकदा इंग्रजीत म्हण. समोर इम्तियाजभाई बसलेत असं समज.’

त्याने सुरुवात केली. पहिली ओळ नीट गेली. दुसरीपाशी तो थांबला. पाणी प्यायला. ‘इंग्रजीत ते बरं नाही वाटत गं.’

‘मग मराठीत कसं वाटतं?’

माझा भाऊ बोलत नाही, ही घटना या कागदात नोंदवण्याइतकी दुर्मीळ आहे.

म्हणून: सिद्धीचा पालक म्हणून मी माझा भाऊ देवव्रत याला नेमते. खाडाखोड नाही.

कलम ६. एल्झाने मरताना मला दिलेला तो लहान ढोल देवव्रतला. दर शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी तो मुलांच्या हाती द्यावा, खरवडलेल्या जागेवरून त्यांना बोट फिरवू द्यावं आणि एल्झाची गोष्ट सांगावी. जे शेजाऱ्यासमोर इंग्रजीत म्हणायला जीभ अडते, ते मुलांना मराठीत शिकवू नये.

हे वाचून देवव्रत म्हणाला, ‘ताई, मला ढोल नको. मला आपलं साक्षीदारच कर.’

‘सही की वाटा, हे फक्त रणजितला विचारलं होतं. आणि त्यानेही लिंबंच घेतली.’

‘आणि मुलांनी विचारलं, तुमच्या शपथेत काय होतं, तर?’

‘तर तेच सांगायचं.’

कलम ७. मी गुरुवारनंतरही जिवंत राहिले, तर वरची सगळी कलमं थांबतील, सहावं सोडून. ते येत्या जानेवारीपासूनच लागू. मी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसेन.

देवव्रत शिबिराची वही घेऊन स्वयंपाकघरात बसला आहे, आणि हे लिहीत असताना तिथून आवाज येतो आहे. सिद्धी विचारते आहे, ‘मामा, व्हाय आर यू क्रॉसिंग दॅट लाइन आउट?’

तो म्हणतो, ‘काही नाही गं, असंच.’

मी इथूनच ओरडून सांगितलं, ‘देवा, नुसतं खरवडू नकोस! का ते सांग तिला.’

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि तो म्हणाला, ‘ये, बस इथे.’

या कागदावर मी खालील दोघांच्या समोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर. दोघांनाही यातलं काही मिळत नाही, लिंबंसुद्धा नाहीत.

सही: इरावती मकरंद टिपणीस

साक्षीदार: विभावरी करमरकर, गृहिणी, अप्पर हट
साक्षीदार: शशिकांत राजाध्यक्ष, निवृत्त शिक्षक, अप्पर हट

स्थळ: अप्पर हट, आमचं जेवणाचं टेबल
दिनांक: रविवार, १९ ऑक्टोबर २०२५