पक्का न केलेला पत्ता

शनिवार, २ मे
आले एकदाची हुडकेश्वरला! नानाजींच्या घराचा वरचा मजला, दोन खोल्या, जाळी लावलेली गॅलरी, खिडकीत कुलर. घरमालक म्हणून नानाजी गोड आहेत, पण हौस दांडगी. जिन्याच्या दाराला बोट लावून उघडणारं कुलूप बसवलंय, आतूनही बोटच लागतं. ते चारचारदा उघडून दाखवल्याशिवाय त्यांनी मला आत सोडलं नाही. इंटरनेटही त्यांचंच, राउटर खाली त्यांच्या हॉलमध्ये.

काटोलहून आईचे फोनवर फोन. पोरगी एकटी कशी राहील, हा एकच घोर. शेवटी खोलीत कॅमेरा लावायचं कबूल केलं. आईची पोलिसगिरी आता घरबसल्या चालेल.

रविवार, ३ मे
कॅमेरा बसवला. राउटर बाहेरच्या कुणालाही आत घेत नाही. घरातल्या प्रत्येक यंत्राला तो एक पत्ता, म्हणजे नंबर, देतो; त्याला नियम घालून द्यावा लागतो, की आईचा फोन कॅमेरा बघायला आला तर अमक्या पत्त्यावर पाठव. मिहानच्या आयटी पार्कातल्या ऑफिसात दिवसभर हेच करते, त्यामुळे चहा निवायच्या आत काम झालं. नानाजींना विचारून राउटरचा पासवर्डही बदलला.

कुणी बघू लागलं की कॅमेऱ्याचा दिवा लागतो; तो लागला, आईला मी दिसले. कॅमेऱ्यातून तिचं पहिलं वाक्य, "काहून वं चारू, केस नाही विंचरले?" मला इतकं बरं वाटलं!

गुरुवार, ७ मे
दुपारी लाइट गेली होती म्हणे. संध्याकाळी आई फोनवर खूश. दुपारी तुले जेवताना पाहून जीवाले बरं वाटलं, म्हणाली.

दुपारी मी ऑफिसात होते.

राउटरची सेटिंग उघडून पाहिली, तर चूक माझीच. कॅमेऱ्याचा पत्ता पक्का करायचा राहिला होता. लाइट आल्यावर राउटरने सगळ्यांना नवे पत्ते वाटले, आणि नियम आईला जुन्याच पत्त्यावर पाठवत राहिला. ऑफिसात कुणी असं केलं असतं, तर मी त्याला आठवडाभर चिडवलं असतं.

पण जुना पत्ता रिकामा नाही. यादीत तिथे नाव आहे, 'चारू'. असं नाव मी कशालाच दिलेलं नाही.

शुक्रवार, ८ मे
नियम बदलायला बसले. पासवर्ड चालेना. मीच ठेवलेला पासवर्ड.

आईला म्हटलं, कॅमेरा बघू नकोस. ती हसली. आताच तं तू म्हनली, रोज पाहत जा म्हणून.

खाली जाऊन नानाजींना राउटर बंद करायला सांगितलं. ते गोंधळले. मीच म्हणे सकाळी फोन करून त्याला हात लावू नका म्हटलं.

मला भीती वाटतेय. उद्या पहिल्या बसने काटोल.

शनिवार, ९ मे
जिन्याचं दार उघडत नाही. बोट लावलं की लाल दिवा. सगळी बोटं लावून पाहिली.

आईला फोन लागला. मी रडून सांगत होते, आणि ती भलत्याच कशाला तरी उत्तर देत होती. हो वं चारू, उद्या येतो ना तुले घ्यायले.

गॅलरीतून ओरडले. नानाजी झाडांना पाणी देत होते. त्यांनी वर पाहिलं — माझ्याकडे नाही, माझ्याच दुसऱ्या खोलीच्या खिडकीकडे. हसून हात हलवला.

त्या खोलीत कुणी नाही. जाऊन पाहिलं. कुणीच —

रविवार
आई आली. जिन्यात तिच्या चपला. मी दार बडवतेय — दार उघडल्याचा आवाज — माझ्यासमोर ते बंदच.

"किती वाळली वं माही माय. चाल."

दोघींच्या चपला जिना उतरल्या.

गॅलरीतून दिसतेय. आई. शेजारी माझी हिरवी ओढणी. फाटकाशी थांबल्या. पंखा चालू राहिला काय, आई विचारतेय. फोन काढला —

कॅमेऱ्याचा दिवा लागला. इथला! ती गेली, तो जुना पत्ता सुटला, पुन्हा कॅमेऱ्याला मिळाला — आई आता हीच खोली पाहतेय — मी समोर उभी आहे, आई, अगदी समोर, ही वही धरून —

कॅमेऱ्यातून आईचा आवाज. "कोनी नाही वं. खोली रिकामी हाय. कर तो कॅमेरा बंद."

आई, नको, दिवा —