मशीन ओढेल एवढा डायनामो

मु. वरोर, ता. डहाणू
१७ जानेवारी २०१९

जतीनराव, वरोरहून तुमच्या मेव्हण्याचा, सदाशिवचा नमस्कार घ्यावा.

तुमची तब्येत, भाविकाबाईंचे गुडघे आणि बोर्डीच्या वाडीतले चिकू ठीक असतील असं धरून चालतो. (गेली सहा वर्षं धरूनच चालतो आहे, कारण विचारायची सोय राहिलेली नाही.) इकडे आम्हीही सुखरूप आहोत असं पत्रात लिहायची रीत आहे. ती पाळली असं समजा आणि पुढं वाचा. तुमच्या मयुराच्या लग्नाचं, दहा फेब्रुवारीचं कार्ड शनिवारी माझ्या मोबाईलवर पोहोचलं. उघडलं की सनई वाजते आणि थांबवायची कुठून ते सापडत नाही, त्यामुळे बाजारात ढोबळी मिरची उतरवताना माझ्या खिशातून दोनदा सनई वाजली आणि दोन व्यापाऱ्यांनी माझंच अभिनंदन केलं. पोरीचं जमलंय हे मला दिवाळीतच उडत उडत कळलं होतं. त्याच दिवशी मी ठरवलं की तुमच्या बहिणीला या लग्नाला घेऊन यायचं. त्यासाठी मी काय काय केलं ते सविस्तर लिहितो, म्हणजे टेम्पो दारात आल्यावर तुम्ही दचकणार नाही.

बकुळाची फुप्फुसं घट्ट होत चालली आहेत. जूनपासून तिच्या नाकात नळी असते आणि नळीचं दुसरं टोक ऑक्सिजनच्या मशीनला. मशीन लोखंडी ट्रंकेएवढं आहे, दिवसभर गुरगुरतं आणि त्याला सारखा करंट लागतो. लाईट गेली की शिट्टी मारतं. (आमच्या अंगणातून थर्मलची चिमणी दिसते. वीज कुठं बनते हे मी डोळ्यांनी पाहतो, जाते कुठं ते मात्र अजून दिसलेलं नाही.) घरात इन्व्हर्टर बसवला, तिथं भागलं. पण वरोर ते बोर्डी तासाभराचा रस्ता, वर लग्नाचा अख्खा दिवस, तेव्हा हे धूड चालवायचं कशावर, हा प्रश्न होता. आमचा टेम्पो आठ वर्षांचा. मिरची वाहण्यापलीकडे त्याला काही माहीत नाही. मी आपला छोटा इन्व्हर्टर बॅटरीला लावून मशीन सुरू केलं. वीस मिनिटांत बॅटरी बसली, टेम्पो बसला आणि त्याच्याशेजारी मीही बसलो.

मग डहाणूच्या प्रितमकडे गेलो. गाड्यांचं वायरिंग करतो, तोंडात मावा असल्यामुळे निम्मं बोलणं आपणच समजून घ्यायचं. त्यानं सांगितलं की टेम्पोचा डायनामो दिवे, हॉर्न आणि वायपर यांच्यापुरताच करंट बनवतो, मशीन ओढायचं तर दुप्पट ताकदीचा हवा. मी मोठ्या ट्रकवरचा जुना डायनामो मिळवला. तो बसेना, म्हणून लोहाराकडून नवी पट्टी ठोकून घेतली. बसला. पण मी शहाणा, वायर जुनीच ठेवली. आशागडच्या चढावर सीटखालून धूर निघाला. मला वाटलं मागच्या गाडीचा आहे, म्हणून मी हात बाहेर काढून त्याला पुढं जायला सांगत होतो. प्रितमनं जळकी वायर हातात धरली आणि म्हणाला, "काका, नळ मोठा लावला नि पाईप तोच ठेवला तर फुटणारच ना? आता बोटाएवढी जाड टाकू." मग बोटाएवढी वायर आली, मागं मशीनसाठी दुसरी बॅटरी आली, दोन्ही बॅटऱ्यांनी एकमेकींचं खाऊ नये म्हणून मध्ये एक डबी आली. पट्टा घसरून किंचाळायला लागला तेव्हा नवा पट्टा आला. बकुळाला मी सांगितलं होतं की मिरचीला वारा घालायला मागं पंखे बसवतोय. पंखे कधी बसले नाहीत, तरी तिनं विचारलं नाही.

तरी एक भानगड उरलीच. गाडी पळत असली की डायनामो भरभरून देतो, उभी राहिली की हात आखडतो. म्हणजे तुमच्या मांडवाशेजारी टेम्पो उभा केला तर कुणीतरी दिवसभर एक्सलेटर दाबून बसायला हवं. मी युक्ती काढली. स्वयंपाकघरातला वरवंटा आणून एक्सलेटरवर ठेवला. वजन अगदी बेताचं निघालं. (पाट्यावर आता कुणी बसत नाही. बकुळाला तेवढा दम उरलेला नाही आणि मी वाटलेली चटणी ती खाते, पण माझ्याकडे न बघता.) वरवंटा ठेवून मी विडी आणायला गेलो. मागं टेम्पो अंगणात असा थरथरायला लागला की ओटीवरचे डबे वाजू लागले. आता तलासरीकडे नोव्हेंबरपासून जमीन हलते आहे, माणसं घराबाहेर तंबूत राहिली आहेत, हे तुम्ही जाणताच. इकडेही सगळ्यांचे कान तिकडेच. शेजारची बायजी नातवाला काखोटीला मारून बाहेर पळाली, तिच्यामागे अख्खी आळी पळाली, आणि पंधरा मिनिटं सगळे उघड्यावर उभे राहून भूकंप थांबायची वाट बघत होते. मी येऊन वरवंटा काढला तेव्हा थांबला. त्या दिवसापासून बायजी माझ्याशी बोलत नाही. माझ्याशी न बोलणाऱ्यांची यादी मोठी होत चालली आहे, त्यात तुमचा नंबर वर आहे.

शेवटची परीक्षा गेल्या आठवड्यात घेतली. बकुळाला बसवण्याआधी मशीन सबंध रस्ता चालतं का ते बघायला हवं होतं, म्हणून नळी मी माझ्याच नाकात घातली आणि निघालो. चाललं, जतीनराव. खाडीचा पूल, डहाणूचा बाजार, नरपड, सगळीकडे एकसारखं गुरगुरत होतं, एकदाही शिट्टी नाही. पण बाजारात मला लोकांनी बघितलं. नाकात नळी घालून सदूकाका स्वतः टेम्पो चालवत दवाखान्यात गेले, ही बातमी मी परत यायच्या आधी घरी पोहोचली होती. संध्याकाळपर्यंत अकरा माणसं शहाळी घेऊन भेटायला आली. एकानं तर माझा हात धरून, खूप कष्ट केलेत, आता सुटाल, असं सांगितलं. बकुळा आत पलंगावरून सगळं ऐकत होती. ती हसली. जूनपासून पहिल्यांदा हसली, आणि हसताना दम लागून इतकी काळीनिळी झाली की मला घाम फुटला. आता तिला हसवायलाही भीती वाटते. घरात काय उरतं मग, तुम्हीच सांगा.

तुम्हाला खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी तुमच्या फाटकापर्यंत आलो होतो. मांडवाचे बांबू येऊन पडले होते. पाच मिनिटं थांबलो आणि टेम्पो वळवला. सहा वर्षांपूर्वी आईंच्या बाराव्याला बकुळा चार माणसांत तुम्हाला म्हणाली की आईला वलसाडच्या दवाखान्यात न्यायला तू उशीर केलास, म्हणून ती गेली. तिनं तसं बोलायला नको होतं. तुमचा दोष नव्हता, मी तेव्हाही गप्प बसलो हा माझा दोष. आता मी रोज तिच्या मशीनशेजारी बसतो आणि मला कळतं की माणूस जवळ असूनही उशीर होतच राहतो. हे तिलाही कळलं आहे. ती बोलून दाखवणार नाही, तुम्ही तिचेच भाऊ, तुम्हाला वेगळं काय सांगायचं.

भाविकाबाईंना नमस्कार, मयुराला आशीर्वाद. पत्र लांबलं, पण मेव्हण्याला लिहिताना कोण शब्द मोजतो.

तुमचा,
सदाशिव

ता. क. : कार्ड माझ्या फोनवर आलं, तिला बोलावणं आलेलं नाही. माहेरचं माणूस उंबऱ्याशी आल्याशिवाय ती निघणार नाही, डायनामो कितीही मोठा बसवला तरी. म्हणून एक दिवस काढून तुम्ही स्वतः या. आईंचा विषय काढू नका, तीही काढणार नाही. नुसतं, "बकुताय, मयुराचा लगीन हाय, तुला यायलाच पायजे," एवढं बोला.

आणखी एक : परवा डॉक्टरकडे गेलो होतो. त्यांनी तिला टेम्पोतच काय, अ‍ॅम्ब्युलन्समधूनही कुठं न्यायचं नाही म्हणून सांगितलं, आणि दहा तारखेच्या लग्नापर्यंतचंसुद्धा नक्की बोलले नाहीत. तिला मी हे सांगितलेलं नाही. तेव्हा ती लग्नाला येणार नाही, हे धरून चाला. तरी तुम्ही बोलवायला या, आणि या आठवड्यातच या. यायला जमत नाही, हे तिला तिच्या तोंडानं तुम्हाला सांगू दे.