माझ्या देखरेखीखाली बदक

४ जानेवारी
आज एक जीव वाचवला. पोल्ट्रीचा ट्रक ऑफिससमोर वळताना कलंडता कलंडता राहिला. बदकांचा एक पिंजरा रस्त्यावर पडला, ट्रक तसाच पुढे गेला. त्यातलं एकच बदक जिवंत होतं. सगळे नुसते बघत उभे. मी कोट काढून त्याला गुंडाळलं. (कोट धुवायला बायकोने साफ नकार दिला आहे.)
संकल्प : हे बदक मोकळ्या तळ्यात पोहणार. माझ्या देखरेखीखाली.

५ जानेवारी
बदक बाथरूममध्ये. आवाज अजिबात करत नाही. माझ्यावर विश्वास बसलेला दिसतो. बायको म्हणाली, ते थरथरतंय. मी म्हटलं, उत्साह.

७ जानेवारी
जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांचं म्हणणं, हे शेडमध्ये वाढलंय, पाणी फक्त प्यायलंय, अंगावर कधी घेतलेलं नाही. बदकं अंगातलं तेल चोचीने पिसांना लावतात, याला ती सवयच नाही. एकदम खोल पाण्यात सोडलं तर पिसं भिजतील आणि बुडेल.
बदक बुडेल! मी हसलो. डॉक्टर हसले नाहीत. रोज थोडा वेळ उथळ टब, मग कोरडं करून उबेत ठेवा, घाई नको, असं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा बायकोकडे बघून.

९ जानेवारी
टब सुरू. बदक पाण्यात उभं राहून भिंतीकडे बघत होतं. बाहेर काढलं तेव्हा फरशी पुसायच्या फडक्यासारखं निथळत होतं. प्रगती आहे.

१२ जानेवारी
शांतपणे विचार केला. अडचण काय, तर तेल. मग तेल घरात आहे की! माझं डोक्याला लावायचं, सुगंधी. बायको बाजारात गेल्यावर बदकाला मानेपासून शेपटीपर्यंत चोळलं. कसं चकाकतंय! एवढी साधी गोष्ट डॉक्टरांना सुचू नये?

१३ जानेवारी
बदक जेवलं नाही. डोळे अर्धे मिटलेले. वजन उतरवत असावं, पोहायला बरंच. बाथरूममध्ये वास कसला येतोय, असं बायकोने विचारलं. मी पेपर वाचत होतो.

१५ जानेवारी
रिलीज उद्याच. ऑफिसात सांगून बसलोय, साहेब स्वतः येणार आहेत. आता माघार घेतली तर शोभा होईल. डॉक्टरांचा फोन आला होता, उचलला नाही. उगाच भीती घालतात.
आज बदक पहिल्यांदाच ओरडलं. एकदाच. बायको दचकली. मी तो होकार समजलो.

१६ जानेवारी, सकाळ
आभाळ भरलेलं. तळं काळं, वारा अजिबात नाही. साहेब आणि अकाउंट्सची मंडळी हजर. छोटंसं भाषण करून बदक सोडलं. टाळ्या. सुरेख पोहलं. मग जरा खाली बसलं. मग आणखी. बुडी मारणारी जात आहे, असं मी सगळ्यांना समजावलं. मग नुसती मान उरली, ती माझ्याकडे वळलेली.
साहेब म्हणाले, अहो, ते बुडतंय. मी उतरणारच होतो, पण बुटाच्या नाडीला गाठ बसली. तेवढ्यात बायको चपलांसकट पाण्यात शिरली. छातीभर पाण्यात.

दुपार
डॉक्टरांनी पिसं हुंगली आणि हे कोणी केलं म्हणून विचारलं. बायको माझ्याकडे बघत राहिली. असल्या तेलाने पिसं चिकटतात आणि पाणी थेट कातडीपर्यंत जातं म्हणे. जगलं तर धुऊन काढू, म्हणाले. जगलं तर.
मला फार भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचत नाही.

२१ जानेवारी
घरी एकटाच. बायको बदक घेऊन बहिणीकडे गेली आहे. तिथल्या बाथरूमला आतून नीट कडी लागते, म्हणाली. सुधारित प्लॅन तयार करतोय. या वेळी लहान तळं.

२४ जानेवारी, संध्याकाळ
न राहवून फोन केला. बदकाने आज आपणहून खाल्लं. मेहुणीच्या मांडीवर झोपलं. वाचलं, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बायकोला म्हटलं, फोन स्पीकरवर टाक, मला ओळखतं का बघू. तिने टाकला. मी अगदी प्रेमाने हाक मारली. पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला.
ओळखलं, बायको म्हणाली. कॉटखाली जाऊन बसलंय, बाहेर येत नाही. आता फोन ठेवा.
ठेवला.